दोन्ही कान दिसले पाहिजेत

माझी नोकरी चौतीस वर्षांची, आणि ती सगळी एका खिडकीमागं झाली. कचेरी कुठली ते सांगत नाही. सोलापुरात ज्यानं कधी एखादा दाखला काढलाय त्याला अशी खिडकी आठवेल: लोखंडी जाळी, तिला खाली तळहाताएवढं भोक, आणि त्या भोकातून आत सरकवलेला कागद कुणीतरी मान वर न करता ओढून घेतोय. मान वर न करणारा तो मी. लोकांना माझा हात माहीत होता, आवाज माहीत होता. चेहरा फार थोड्यांनी पाहिला, आणि त्यांनीही तो पुन्हा पाहायचा आग्रह धरला नाही.

फोटोच्या बाबतीत तर मी फारच कडक. दोन्ही कान दिसले पाहिजेत. दात दिसता कामा नयेत. चष्म्यावर उजेड नको, मागच्या पडद्याला घडी नको, मान सरळ. नियम वरून आलेले होते, पण बाकीचे लोक ते सैल धरायचे आणि मी घट्ट. "कान कुठाय?" एवढंच म्हणून मी अर्ज परत सरकवायचो. एका बाईनं एकदा पदर मागं सारून, वाकून, भोकातूनच मला कान दाखवला. "ह्यो काय, हाय की कान!" मी म्हटलं, "फोटोत हवा." अख्खी रांग हसली. मी हसलो नाही. हसलो असतो तर सरकारचं काय बिघडणार होतं, हे मला आज कळतं.

निवृत्त झालो आणि दीड वर्षात बायको गेली. मुलगा बेंगळुरूला असतो. रविवारी त्याचा फोन येतो, गोळ्या घेतल्या का, पाणी येतंय का, बाकी काय, बाकी काही नाही. तो वाईट नाही. मीच त्याला लहानपणापासून मोजकं बोलायला शिकवलं.

एकटेपणावर लोक छान छान लिहितात. मला त्यात छान काही सापडलं नाही. जुळे सोलापुरातलं आमचं घर दोन खोल्यांचं, वर गच्ची. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जातो, पेपर दाराखालून येतो, वीजबिल मोबाईलवर भरलं जातं. माणसाला माणसाशी बोलायची गरज पडू नये अशी सगळी सोय झालेली आहे. एक दिवस माझ्या ध्यानात आलं की सकाळी उठल्यापासून साडेअकरापर्यंत मी तोंडातून एक अक्षर काढलेलं नाही, आणि साडेअकराला जे बोललो ते कुकरला: "झाल्या की तीन शिट्ट्या, आता पुरे." मग मी पलंगावर बसून राहिलो. मला भीती वाटली. वाटलं, असंच चाललं तर माझा आवाज माझ्याच ओळखीचा राहणार नाही.

त्याच आठवड्यात वाचनालयाच्या फळ्यावर एक कागद पाहिला. शहरात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात, बँकेत सोबत करणारा एक गट होता. सोबत करणारेही बहुतेक माझ्यासारखेच, निवृत्त. गट चालवायच्या एक निवृत्त परिचारिका, माझ्याहून चारेक वर्षांनी मोठ्या, बोलायला सरळ. त्यांची पद्धत अशी की सोबत कोणाची घ्यायची ते म्हाताऱ्या माणसानंच ठरवायचं. त्यासाठी त्यांनी एक जुना अल्बम केला होता. प्रत्येक पानावर सोबत्याचा एक फोटो, खाली नाव, वय, कुठं राहतो. सगळे त्याला फोटोंची वही म्हणत. बाई ती वही घेऊन घरोघरी जायच्या. आजोबा किंवा आजी पानं उलटायच्या आणि एका फोटोवर बोट ठेवायच्या. मग त्या फोटोची एक प्रत त्यांच्याकडं ठेवली जायची, सोबती दारात आला की ताडून बघायला.

"आयुष्यभर दुसऱ्यानं निवडलेलं घेतलंय ह्या लोकांनी," त्या मला म्हणाल्या. "एवढं तरी त्यांचं त्यांना ठरवू दे."

मी अर्ज भरला आणि फोटो दिला. तीन महिने गेले. माझ्या मागून आलेल्यांना दोन दोन घरं मिळाली. माझ्या फोटोवर कुणी बोट ठेवलं नाही. पहिल्यांदा मी दर आठवड्याला बाईंना फोन करायचो, मग पंधरा दिवसांनी, मग मला लाज वाटू लागली. एरवी मी कुणापुढं हात पसरणारा नव्हे, आणि इथं मी जीव टांगून बसलो होतो, की कुणीतरी, सोलापुरातल्या कुठल्याही गल्लीतलं, एकदा माझ्यावर बोट ठेवावं. मला बाकी काहीच नको होतं.

शेवटी त्यांनीच मला घरी बोलावलं. वही माझ्यापुढं उघडून ठेवली.

"भाऊ, राग मानू नका. पण हा फोटो बघा."

मी पाहिला. नियमाप्रमाणे अगदी बरोबर होता.

"चेहऱ्यावरची माशी हलत नाहीये," त्या म्हणाल्या. "परवा एक आजोबा म्हणाले, ह्यांना दारात बघितलं तर मला वाटंल घराची जप्ती आलीय. आणि दुसरं म्हणजे, ह्या खांद्याशी हे काय आहे? कुणाचा तरी पदर दिसतोय."

पदर बायकोचा होता. निवृत्तीच्या कागदांना नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो, तो आम्ही काढला होता, त्याच्या पुष्कळ प्रती उरल्या होत्या. वेगळा फोटो माझ्याकडं नव्हता, काढायचं सुचलंही नाही. मी कात्री घेतली आणि माझी बाजू कापून काढली. पदर राहतोय हे मला कापतानाच दिसलं होतं. पण ती मला चिकटून बसली होती, आणखी आतून कापलं असतं तर माझा डावा कान गेला असता. आणि कान गेलेला फोटो मी कसा देणार? म्हणून तिचा हिरवा पदर, तेवढी एक पट्टी, माझ्या खांद्याशी तशीच राहिली. तीन महिने ती वही घरोघरी फिरली, आणि म्हातारी माणसं पानापानावर बघत होती की एक ताठ माणूस बसलाय आणि त्याच्या शेजारून कुणालातरी कापून टाकलंय.

मी बाईंना एवढंच म्हटलं, "दुसरा काढून आणतो."

"स्टुडिओत जाऊन काढा. आणि त्याला सांगा, हा माणूस दारात आला तर दार उघडावंसं वाटलं पाहिजे."

आमच्या कचेरीसमोर एक फोटो स्टुडिओ होता. चौतीस वर्षं रोज त्याच्यावरून गेलो, आत कधी गेलो नव्हतो. दुसरा स्टुडिओ मला माहीतच नव्हता, म्हणून मी तिथंच गेलो. दुपारची वेळ होती, ऊन असं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. आत पंख्याखाली चाळिशीची एक बाई संगणकावर काहीतरी करत होती.

"फोटो काढायचाय," मी म्हटलं. "अर्जाचा नको. मोठा."

तिनं मान वळवली, पण माझ्याकडं पाहिलं नाही. कान देऊन ऐकल्यासारखी थांबली.

"साहेब, आजून एकदा बोला की."

"काय बोलू?"

"कान कुठाय, म्हना."

मला काही समजेना. तिनं हसून भिंतीकडं बोट केलं. तिथं वह्यांच्या कव्हरासारखं प्लास्टिक चढवलेला एक जुना कागद होता. वळणदार हस्ताक्षरात वर लिहिलं होतं: तीन नंबरच्या खिडकीचे नियम. तीन नंबर म्हणजे माझी खिडकी. खाली एकेक ओळ. दोन्ही कान. दात नको. चष्म्यावर उजेड नको. शेवटी लाल पेनानं: साहेब ऐकणार नाहीत.

"आमच्या अप्पांनी लिवलेलं," ती म्हणाली. अप्पा म्हणजे तिचे वडील. घरी तेलुगू बोलणारं विणकरांचं कुटुंब, अप्पांनी मागावरून उठून हा स्टुडिओ काढला होता. "तुमी परत पाठवलेली मानसं सगळी आमच्याकडंच यायची की. अप्पा रोज देवाला म्हनायचे, त्या साहेबाला उदंड आयुष्य दे. घरात जेवताना तुमच्या आवाजाची नक्कल करायचे. आमी लई हसायचो."

म्हणजे शहरात एक घर असं होतं जिथं माझा रोज जेवताना विषय निघायचा. मला ते ऐकून वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. इतकी माझी अवस्था झाली होती. अप्पांबद्दल विचारलं तर कळलं, ते चार वर्षांपूर्वी गेले.

मी तिला सगळं सांगितलं, वही, गट, तीन महिने. पदराचं सांगितलं नाही. तिनं मला खुर्चीवर बसवलं, दोन्ही बाजूला पांढऱ्या छत्रीचे दिवे लावले आणि पहिला फोटो काढला. मी बसल्याबरोबर पाठ आपोआप ताठ झाली होती, ओठ मिटले होते, मान सरळ. ती पडद्यावर बघत राहिली.

"साहेब, अर्ज मंजूर हाय," ती म्हणाली. "पन ह्यांच्यासंगं दवाखान्यात कोन जानार?"

मग ती कामाला लागली, आणि काम करताना तिचा चेहरा बदलला, थट्टा संपली. माझ्या खिशातली दोन पेनं तिनं काढून ठेवली. सदऱ्याचं वरचं बटण सोडायला लावलं. दिवे बंद केले आणि खुर्ची दाराशी ओढली, तिथं बाहेरचा उजेड पडद्यातून गाळून येत होता. मला जरा तिरकं बसवलं, एक खांदा पुढं, आणि पुढं वाकायला सांगितलं, समोरच्याचं नीट ऐकू येत नसल्यावर माणूस वाकतो तेवढंच. ती स्वतः स्टुलावर बसली. उभं राहून काढला तर माणूस दबलेला दिसतो, फार खालून काढला तर मगरूर दिसतो, डोळ्याला डोळा पाहिजे, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, असं बसलो तर डावा कान दिसणार नाही. तिनं कॅमेरा खाली घेतला आणि माझ्याकडं नुसतं पाहिलं. मी वाकलो.

"हसा" मात्र ती एकदाही म्हणाली नाही. "हसा म्हटलं की मानसं दात काढत्यात, डोळे तितंच ऱ्हातात." फोटो काढून झाला की ती कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर माझ्या तोंडावर अंगठा ठेवायची आणि फक्त डोळे बघायची. अंगठ्याच्या वरच्या भागात माणूस दिसला तर फोटो ठेवायचा, नाही तर पुसायचा. अप्पांनीच तिला शिकवलं होतं. तिनं वीसेक फोटो पुसले.

"काहीतरी चांगलं आठवा," ती म्हणाली.

मी बायको आठवली. आम्ही एकदा गच्चीत पापड वाळत घालत होतो, वारा सुटला आणि ती पापडांमागं पळाली, मी खुर्चीत बसून तिला सूचना देत होतो, डावीकडं, अगं डावीकडं. ती वैतागून म्हणाली, उठून या ना जरा. मी उठलो नव्हतो. फोटो निघाला तेव्हा स्टुडिओतल्या बाईनं अंगठाही न ठेवता तो पुसून टाकला. उठून तिनं समोरच्या टपरीवरून चहा मागवला.

चहा पिताना तिनं विचारलं, "साहेब, त्या कामात तुमाला कदी बरं वाटायचं का न्हाई?"

असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. विचार करून म्हटलं, "वाटायचं. कागद सगळे बरोबर लागले की शिक्का मारायचा आणि म्हणायचं, झालं तुमचं काम. ते म्हणताना बरं वाटायचं."

"मग तवा तुमचा चेहरा कसा व्हायचा?"

"मला काय माहीत? मी खाली बघून शिक्का मारत असायचो."

"वर का न्हाई बगायचात?"

खरं उत्तर मला माहीत होतं. वर पाहिलं की लोक बोलायला लागतात. दाखला कशाला हवा ते सांगतात, मग सून कशी वागते ते, मग गुडघा दाखवतात. मागं रांग वाढते. नोकरीच्या पहिल्या वर्षातच मी ठरवलं की वर बघायचं नाही, आणि पुढं ती सवय घरापर्यंत आली. हे मी तिला सांगितलं आणि सांगता सांगता मला वेळापूरकडचा एक म्हातारा आठवला. कितीतरी वर्षांत आठवला नव्हता.

त्याच्या फोटोत डोक्याला पटका होता आणि पटक्याखाली एक कान झाकला गेला होता. मी अर्ज परत केला. पुन्हा आला, पटका जरा वर सारलेला, पण कपाळावर सावली. पुन्हा परत. चौथ्या खेपेला तो उघड्या डोक्यानं काढलेला फोटो घेऊन आला. त्या वयाची खेड्यातली माणसं बोडक्या डोक्यानं चारचौघांत येत नाहीत, घरात कुणी गेलं तरच पटका उतरतो. हे मला तेव्हाही माहीत होतं. फोटोत त्याचं पांढरं, पटक्याच्या खुणा उठलेलं कपाळ दिसत होतं आणि दोन्ही कान दिसत होते. मी शिक्का मारला. म्हटलं, झालं तुमचं काम. कागद घेऊन तो गेला नाही. भोकातला हात तसाच ठेवून म्हणाला, "साहेब, जरा वर बगा की."

मी म्हटलं, "पुढचा."

हात थोडा वेळ तिथंच होता. मग गेला. मला आता वाटतं, मी त्याला पटक्यासकट एकदा बघावं एवढंच त्याला हवं होतं, दुसरं काही मागायचं नव्हतं त्याला.

त्या बाईनं चहाचा कप खाली ठेवला होता. "आता म्हना की," ती हळूच म्हणाली. "झालं तुमचं काम, म्हना. हितं, मला बगून."

मी वर बघून म्हटलं. तिला म्हटलं की त्या म्हाताऱ्याला ते मला सांगता येणार नाही. कॅमेरा तिच्या हातात कधी आला ते मला दिसलं नाही, फक्त आवाज आला. तिनं पडद्यावर अंगठा ठेवला, बराच वेळ बघितलं आणि अंगठा काढून कॅमेरा माझ्यापुढं धरला.

तो माणूस मला ओळखू आला नाही. हसत नव्हता म्हणावं तर हसत होता. पुढं वाकून कुणाचं तरी ऐकत होता आणि ऐकण्याची त्याला घाई नव्हती. खोटं कशाला सांगू, मला त्याचा हेवा वाटला. ह्यानं घरच्या माणसाला कात्रीनं कापून वेगळं काढलं नसतं, असं काहीतरी मनात आलं. डावा कान खरोखरच दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी प्रती घेऊन मी परिचारिकाबाईंकडं गेलो. नवा अर्ज भरायचा होता. फोटो चिकटवला आणि बोलता बोलता हातानं आपलं काम केलं: अर्धी सही कागदावर, अर्धी फोटोवर. चौतीस वर्षांची सवय. शाईची वेलांटी गालावरून थेट ओठांपर्यंत गेली. बाई कपाळाला हात लावून हसायला लागल्या. "अहो भाऊ, स्वतःच्याच गालावर सही? कोण पळवून नेणार होतं ह्यांना?" मीही हसलो. दुसरी प्रत होतीच, ती वहीत गेली, जुना कापलेला फोटो मी मागून घेतला आणि पाकिटात ठेवला.

अकराव्या दिवशी फोन आला. एका आजीनं बोट ठेवलं होतं. मूळची मैंदर्गीची, नवऱ्याच्या नोकरीपायी सोलापुरात आलेली, आता एकटी. डोळ्यांत इंजेक्शन घ्यायला महिन्यातून एकदा जावं लागायचं, डोळ्यांपुढं धूसर व्हायचं म्हणून सोबत हवी होती. बाई म्हणाल्या, तिनं वही डोळ्याशी धरून दोन पानं पुढं उलटली, मग परत मागं आली आणि म्हणाली, ह्यो मानूस ऐकून घिईल.

फोन ठेवल्यावर मी घरात उगाच दोन फेऱ्या मारल्या. सांगायला कुणी नव्हतं. रविवार नव्हता तरी मुलाला फोन लावला, तो मीटिंगमध्ये होता. मग मी सदऱ्याला इस्त्री केली, आणि अजून तीन दिवस होते म्हणून तिसऱ्या दिवशी परत केली.

ठरल्या दिवशी अर्धा तास आधी पोचलो. गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकल लावली आणि तिच्या आरशात फोटोतला चेहरा करून बघितला. जमेना. पुढं वाकलो, खांदा तिरका केला. शाळेला निघालेल्या दोन मुली माझ्याकडं बघून हसत गेल्या. पायऱ्या चढताना छाती धडधडत होती, एवढी ती लग्नासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा धडधडली नव्हती. घाबरलो की माझा चेहरा काय होतो ते मला ठाऊक आहे. दार वाजवलं तेव्हा पाठ ताठ होती आणि ओठ मिटलेले होते.

दार उघडलं. ठेंगणी, कपाळावर कुंकवाच्या जागी गोंदण, एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात माझ्या फोटोची प्रत. तिनं माझ्याकडं पाहिलं. फोटो नाकाशी नेऊन पाहिला, मग लांब धरून पाहिला.

"कोन पायजे?"

"गटातून आलोय. दवाखान्यात जायचंय ना?"

"जायाचंय की. पर ते येनार हुते."

"कोण?"

तिनं फोटो माझ्यापुढं केला. "ह्ये. ह्ये का आले न्हाईत?"

"तो मीच आहे."

"न्हाय वो," ती समजुतीनं म्हणाली, मला वाईट वाटू नये म्हणून. "ह्येंचा चेहरा कसा मायाळू हाय."

माझ्या खिशात गटाचं ओळखपत्र होतं, नाव, पत्ता, बाईंची सही. ते काढून दाखवलं असतं तर प्रश्न मिटला असता. हात खिशापर्यंत गेला. आयुष्यभर लोकांकडून मी हेच मागितलं होतं, पुरावा दाखवा. पण मला त्या फोटोतल्या माणसाचा राग आला. तीन महिने मी वाट पाहिली, सदऱ्याला दोनदा इस्त्री मी केली, आणि तिनं बोट ठेवलं ते त्याच्यावर. तो एका दुपारी एका स्टुडिओत क्षणभर होऊन गेला, पुन्हा कधी येईल ते मलाही माहीत नव्हतं. हात मी रिकामाच बाहेर काढला.

"ते आज आले नाहीत, आक्का," मी म्हटलं. "आजचा दिवस माझ्यावर भागवून घ्या."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला किती दिसत होतं कोण जाणे. मी चेहरा करायचं सोडून दिलं होतं.

"घरात कोन असतंय तुमच्या?" तिनं विचारलं.

"कुणी नाही."

"कुनीच?"

"बायको होती. गेली."

"मंग तुमी आला ते बरं केलं," ती म्हणाली आणि पिशवी माझ्या हातात दिली. फोटो तिनं आत फळीवर ठेवला, दाराला कुलूप लावून दोनदा ओढून बघितलं, आणि माझा हात धरून पहिली पायरी चाचपत खाली उतरली.